किंजळीच्या फळ्या

आमच्या घराच्या मागल्या दाराला पाच पायऱ्या होत्या. काळ्या दगडाच्या, एक उंच तर एक बसकी. घर डोंगराच्या पायथ्याला उतारावर बांधलेलं, त्यामुळे पुढचं अंगण उंबऱ्याशी जवळजवळ सपाट आणि मागचं परसू छातीइतकं खाली. परसात न्हाणीचा दगड, पलीकडे शेण टाकायची शेणकई, कडेला अळवाचा वाफा आणि त्याच्याही पुढे झुडपं. आंघोळ, भांडी, धुणं, बाहेरचं जाणं, बायकांचं सगळं त्या पाच पायऱ्यांच्या खाली. पुढचा रस्ता मार्गासनीकडे जायचा, त्यावर माणसांची ये-जा असायची, म्हणून पुढच्या बाजूला काही करायची सोय नव्हती. धडधाकट माणूस अशा पायऱ्यांकडे बघतही नाही. माझ्या पायांना मात्र त्या अजून आठवतात. आता माझे गुडघे गेलेत, मुलाच्या घरात मला दोन पायऱ्यासुद्धा कठडा धरून उतराव्या लागतात, आणि उतरताना मी नकळत मोजते.

माझी थोरली बहीण सगुणा. तिला मी अक्का म्हणायची. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. भोरकडच्या एका घरात तिला दिली होती. तिसऱ्या वर्षी बाळंत झाली, मूल पाचव्या दिवशी गेलं, तिला ताप चढला तो महिनाभर उतरला नाही, आणि उतरला तेव्हा कमरेखालचं सगळं लुळं झालेलं होतं. तिच्या सासरच्यांनी गाडीत पेंढा पसरून तिला आमच्या दारात आणली. तिचा सासरा अंगणात उभा राहूनच म्हणाला, "चार दिस माह्येरी राहू द्या. मान्सांत बरं वाटंल." आईनं त्याला गूळपाणी दिलं. ते त्यानं प्यायलं, पागोटं सारखं केलं आणि गाडी वळवली. ते चार दिवस बावीस वर्षं चालले.

घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, शेतावर आणि गुरांमागे. आईला दमा होता, दोन घागरी आणल्या की तिच्या छातीत भाता चालायचा. बापानं वयात आलेल्या लेकीला न्हाणीवर न्यायचं नाही, ही रीत. म्हणजे उरले मी. अक्का आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि हे सगळं घडलं तेव्हा तेरा. एक हात तिच्या काखेतून, दुसरा गुडघ्यांखालून घालायचा, तिनं माझ्या गळ्याला मिठी मारायची आणि मी एकेक पायरी उतरायची. आजारानं ती वाळली होती, पण माणसाचं वजन ते वजनच. दिवसातनं तीनदा, कधी चारदा. खाली न्हाणीच्या दगडावर तिला टेकवून बसवायची, आंघोळ घालायची, कोरडं करायची, पुन्हा वर. आमच्याकडे पाऊस चार महिने हलत नाही. डोंगराचं पाणी घराच्या कडेनं परसात उतरायचं, पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. मी आणि आई राखेनं पायऱ्या घासायचो, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हिरव्या.

माझ्या वयाच्या पोरी एकेक करून सासरी गेल्या होत्या. माझ्याबद्दल कोणी विचारलं की आई म्हणायची, "बगू पुढच्या साली." का, ते घरात कोणी बोलत नव्हतं. मला कामाचं दुःख नव्हतं, काम सगळ्याच पोरी करायच्या. पण शेतावरून यायचं, भाकरी थापायची, जेवायला बसायचं आणि घास तोंडाशी नेताना माजघरातून तिची बारीक हाक यायची, "हौसे." ती कधी मोठ्यानं हाक मारायची नाही, त्यामुळे ती टाळताही यायची नाही. पुढंपुढं माझ्या लक्षात आलं की ती पाणी पीत नाही. कुळथाचं माडगं आई वाटीभर द्यायची, त्यातलं ती अर्धं ठेवायची. चिंबोऱ्यांचा रस्सा तिला फार आवडायचा. आबा पावसात ओढ्याहून चिंबोऱ्या धरून आणायचे, घरभर तो वास सुटायचा, आणि ही नुसती भाकरी कोरडी चावत बसायची. जास्त प्यालं की मला जास्त वेळा उचलावं लागेल, म्हणून. हे समजल्यावर मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला.

आता जे लिहिते ते माझ्या मुलांनाही मी सांगितलेलं नाही. भातलावणीचे दिवस होते. पहाटेपासून मी गुडघाभर चिखलात वाकलेली, दुपारी अक्काला खाली न्यायला म्हणून एकटी घरी आले. अंगावरचं पावसाचं इरलं काढून टेकवलं आणि तिला उचलली. दोन पायऱ्या उतरले. तिसरीवर ती म्हणाली, "हळू गं. कंबर दुखतीया." एवढंच. नेहमीसारखंच हळू म्हणाली. आणि मी हात सोडले. माझा पाय घसरला नव्हता. मी उभी होते तिथं नीट उभी होते आणि माझे दोन्ही हात मी उघडले. ती पायरीवर आपटून खाली चिखलात गेली, कपाळाला दगड लागला. पावसाच्या पाण्यात रक्त पातळ होऊन पसरलं. मी "पाय घसरला, पाय घसरला" म्हणून ओरडत सुटले. अक्का ओरडली नाही. ती खालून माझ्याकडे बघत राहिली. आई धापा टाकत बांधावरून आली तेव्हा अक्काच तिला म्हणाली, "पायरी लई निसरडी झालीया, आई. पोरीचा काय दोस."

आबांनी संध्याकाळी त्या पायऱ्या पाहिल्या. पावसानं रक्त धुऊन गेलं होतं, तरी ते बराच वेळ तिथं उभे होते. मग दोन दिवसांनी ते गावातल्या सुतारकाकांना घेऊन आले.

सुतारकाका म्हणजे बारीक, पाठीत वाकलेला, बोलायच्या आधी चिलमीचे दोन झुरके घेणारा माणूस. आबांनी त्यांना सांगितलं, मागल्या दाराच्या उंबऱ्याबरोबर एक सपाट ओटा पाहिजे, पुढे परसात चार हात आलेला, म्हणजे पोर आपली आपण सरकत बाहेर येईल, तिथंच न्हाईल, तिथंच भांडी घासेल, कोणाला उचलायला नको. काकांनी आधी दगडाचं सुचवलं. आबा म्हणाले, "दगुड घातला तर डोंगराचं पानी आडंल. मागली भित मातीची. मागं एकदा बसलीया." मग काका उकिडवे बसले, पाणी कुठून येतं, कुठून जातं ते बघितलं आणि म्हणाले, "तर मग लाकडाचाच. खांबावर. पानी खालनं जाऊ द्या."

पुढे जे बोलणं झालं ते मला जवळजवळ शब्दन् शब्द आठवतं, कारण मी दाराच्या आत उभी होते आणि ते माझ्याबद्दल बोलत असल्यासारखं ऐकत होते.

"साग घालायचा का?" आबांनी विचारलं.

"सागाचं नाव काडू नगा. परवाना आना, मग लाकूड आना. घर इकाल." काकांनी चिलीम ओढली. "आंबा सवस्त. पर दोन पावसाळ्यांत त्याचा भुसा हुतो, आन् पोर खाली जाती."

"ऐन?"

"ऐन खाली खांबाला घाला. तुमच्या बांधावर एक वठलेलं हाय, तेच पाडू. लोकंडावानी लाकूड. पर फळ्या न्हाई करायच्या त्याच्या. उन्हात चिरतंय, काट्यावानी कूस उठती. ही पोर तळहातावर सरकनार. पायाला तर तिच्या कळनारबी न्हाई कूस गेलेली. सडंल आतल्या आत."

मग जांभळाचं निघालं. काका म्हणाले, जांभूळ विहिरीत बुडवून ठेवलं तर नातवंडांपर्यंत टिकेल, पण घडीत ओलं, घडीत ऊन झालं की पिळवटतं. हेद गुळगुळीत, पण पावसाला टिकत नाही. शेवटी ते म्हणाले, "किंजळ. ऐनाचीच भन, पर जरा सोशिक. मातुर ओली नगं. चांगली मुरलेली पायजे."

"मुराया किती दिस?"

"दोन वरसं."

आतून मी ते "दोन वरसं" ऐकलं आणि दिवसाच्या तीन-चार खेपा बोटांवर मोजायला लागले.

हल्ली पानशेतच्या अंगाला पुण्याची माणसं बंगले बांधतात. माझ्या नातवानंही तिकडं एक लहानसं घर घेतलं आहे आणि मागच्या बाजूला त्याला लाकडी डेक करायचा आहे, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायला. स्वस्तात टिकाऊ लाकूड कुठलं म्हणून तो दुकानदारांकडून नमुने घेऊन आला होता, कुठल्या कुठल्या देशांतले. मी एकेका तुकड्यावर हात फिरवला. तो हसला, म्हणाला, आजी, तुला काय कळतंय? मी म्हटलं, थोडंसं कळतं.

मुरलेल्या लाकडाची वाट सुतारकाकांनीच काढली. भाटघरला तेव्हा धरणाची नवी, उंच भिंत उभी राहत होती. तिच्यामागे पाणी चढलं की वरच्या अंगाची कित्येक गावं त्यात जाणार होती. तिथली माणसं घरं उतरवत होती. खांब, तुळया, वासे जे नेता येईल ते नेत होती, नेता येणार नाही ते देऊन टाकत होती. काका म्हणाले, "तितं जा. शंबर वरसांची किंजळ हाय घराघरांत. निम्म्यात मिळंल." आबांना ते रुचलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दुसऱ्याचं घर बुडतंय आणि आपण लाकूड शोधत जायचं. पण दुसरी वाट नव्हती. पावसात गाडी जाणार नव्हती, त्यामुळे दिवाळीपर्यंत, भात झोडून होईपर्यंत थांबावं लागलं, आणि तोपर्यंत मी रोज तिला उचलतच होते. अक्कानं त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नाही. तिची मिठी मात्र घट्ट झाली होती. ते मला मानेवर कळायचं.

निघताना आबा एकटेच जाणार होते. अक्का आतून म्हणाली, "आबा, हौसीला न्या. म्या कुठं टेकते, कुठं सरकते, ते तिलाच ठावं." म्हणून मी गेले. मावशी येऊन राहिली चार दिवस. गाडीत आंबेमोहराची तीन पोती, वैरण, फडक्यात भाकऱ्या आणि लसणाची चटणी. नसरापूरवरून दीड दिवसाची वाट. आबा मुळातच थोडं बोलणारे, वाटेत ते बैलांशीच तेवढं बोलले.

त्या गावाचं नाव लिहीत नाही, लिहून आता ते कोणाला सापडणार नाही. लांबूनच आवाज येत होता, ठोकण्याचा. प्रत्येक घरावर माणसं चढलेली. कौलं उतरवून ओळीनं मांडलेली, भिंती उघड्या, भिंतींतल्या कोनाड्यांत दिव्याची काजळी तशीच. एक बाई छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरात चुलीवर भाकरी करत होती, वरून ऊन सरळ तव्यावर पडत होतं. कुत्री गोंधळल्यासारखी या दारातून त्या दारात जात होती. धूळ इतकी की दात करकरायचे.

विचारत विचारत आम्ही एका घरापाशी पोचलो. आढ्यावर बसून एक तिशीतला गडी खुंट्या ठोकून काढत होता. अंगणात फळ्यांचा ढीग आणि ढिगाशेजारी एक म्हातारी बसलेली, ठकूबाई. गडी तिचा धाकटा मुलगा. तिघा भावांना तीन ठिकाणी जागा मिळाल्या होत्या, घर काही तीन तुकडे करून नेता येत नव्हतं. तो वरूनच म्हणाला, "किंजळ हाय. माळ्याच्या फळ्या. भात असंल तर भात द्या, तितं पयल्या साली खायाला लागंलच." आबांनी पोती दाखवली. त्यानं मान डोलावली. सौदा झाला, असं मला वाटलं.

म्हातारीनं विचारलं, "कशाला पायजे फळ्या?"

आबांनी सरळ सांगितलं. लेक अधू आहे, मागल्या दारी तिच्यासाठी न्हाणीचा ओटा करायचा आहे.

म्हातारीचा चेहराच बदलला. "न्हानी?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं ह्या माळ्यावर भात ठिवला. त्याच्या बापानं ठिवला. लक्षुमी व्हती हितं. चप्पल घालून कुनी चडलं न्हाई. आन् तुमी त्याच्यावर खरकटं वतनार? आंगुळीचं पानी? आन् पुडलं म्या बोलत न्हाई. बुडंल तर बुडू द्या. पान्याखाली सोच्च तरी ऱ्हाईल."

"आये," वरून मुलगा म्हणाला, "भात देत्यात ती."

"भात माझ्या उरावर घाल."

आबांनी हात जोडले. त्यांचे कान लाल झाले होते. "चुकलं, आई. तुमचं खरं हाय," म्हणाले आणि बैलांकडे वळले. ते भांडणारे नव्हते, आणि मनातून त्यांनाही ते पटलेलं होतं. मी तिथंच उभी राहिले. मला आठवतं, मी रडत नव्हते. मला फक्त इतकं दिसत होतं की आता परत जायचं, आणि पोचल्याबरोबर अक्का हाक मारणार.

"आजी," मी म्हटलं, "म्या माझ्या भनीला पाडलं."

म्हातारीनं वर बघितलं.

"लोक म्हनत्यात पाय घसरला. पाय न्हाई घसरला. म्या हात सोडलं. ती हळू म्हनाली म्हनून सोडलं. तिचं कपाळ फुटलं. दोन वरसं म्या तिला उचलतीया, आन् ती माझ्यापाई पानी पीत न्हाई, आन् मला तिचा राग येतो. आता पुन्ना उचलली की मला वाटतं पुन्ना सोडीन. मला भ्या वाटतं, आजी."

आबांची माझ्याकडे पाठ होती. हातातला आसूड त्यांनी वर केलेला नव्हता, खालीही सोडलेला नव्हता. ते वळले नाहीत. वर मुलाचं ठोकणं थांबलं होतं.

"घरी तिनं काय सांगितलं?" म्हातारीनं विचारलं. "ज्या पोरीला पाडलंस, तिनं?"

"पायरी निसरडी व्हती म्हनाली."

ठकूबाईनं माझ्याकडे नीट बघितलं. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि माझा खांदा हातात धरून दाबला, बैल घेताना माणसं बघतात तसा. "हाडं पोरीचीच हायती अजून," ती स्वतःशीच म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "ये. फळी डोळ्यानं कळत न्हाई. हात फिरव."

मग तिनं एकेक फळी मला दाखवायला सुरुवात केली. त्या फळ्या तेलकट काळ्या, मधोमध पावलांनी इतक्या गुळगुळीत झालेल्या की ऊन त्यांवरून घसरत होतं. तिला प्रत्येक ठाऊक होती. "ही नगं. गाठ हाय, माझ्या सासूची टाच फाडली व्हती हिनं. ही घे. ही दाराम्होरची, समद्यांत जास्त पायाखाली आलेली, लोन्यावानी हाय. ही वाजती, पर वाजू दे, पोर सरकली की आईला आत कळंल. ही ठेव बाजूला, हिला वाळवीनं खालनं चाटलीया, वरनं दिसत न्हाई." मुलगा खाली उतरला होता. तो वैतागून म्हणाला, "आये, समदी किंजळच हाय. दे कंचीबी." तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "तू कवा चडलास माळ्यावर? दानं उतराया मीच चडायची." मी डोळे मिटून हात फिरवत होते, अक्काचा हात म्हणून. जिथं बारीकसं खरखरीत लागे तिथं मी थांबायची आणि ती म्हणायची, "हां. तितं पालथी घाला."

चौदा फळ्या निघाल्या. एक लहान फळी तिनं स्वतःसाठी ओढून घेतली, नव्या जागी निजताना उशाला. आबांनी तिन्ही पोती उतरवली. ती दोन पुरेत म्हणत होती, ते ऐकेनात. निघताना त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती मला म्हणाली, "पानी पी म्हनावं तिला. म्या सांगितलंय म्हनावं."

तिचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. लग्नानंतर एकदा भोरला जाताना मी ते पाणी पाहिलं. उन्हाळ्यात ते उतरलं की काठाला घरांची जोती उघडी पडतात. मी गाडीतून उतरले नाही.

परतताना आबा दुसऱ्या दिवशी एका ओढ्यावर बैलांना पाणी दाखवताना, पाठमोरेच, म्हणाले, "म्याच बगाया पायजे व्हतं." त्यांनी मला फळ्यांवर बसवलं आणि स्वतः घरापर्यंत बैलांच्या बाजूनं चालत आले.

सुतारकाकांनी आठ दिवस काम केलं. बांधावरचं वठलेलं ऐन पाडून त्याचे सहा खांब केले, वाळवी लागू नये म्हणून ते मातीत न पुरता दगडांवर उभे केले. फळ्याफळ्यांत बोटभर फट ठेवली, पाणी खाली गळून जायला. करंजीचं तेल दोनदा पाजलं. तिन्ही बाजूंनी कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणानं सारवण, आणि बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक आडवा वासा, धरायला. उंबऱ्यापासून फळीवर हात टेकवून जाता येईल इतकं ते बरोबर जमलं होतं. मागच्या पायऱ्या खाली झाकल्या गेल्या. परसात उतरायला काकांनी कडेनं दुसऱ्या केल्या.

आणि अक्का तिथं जाईना.

"मला न्हाई जमायचं," म्हणायची. आई समजावून थकली. आबा दोनदा दारापर्यंत येऊन मागं फिरले. मी तिला उचलून फळ्यांवर नेऊन बसवायची, आंघोळ घालायची, परत आणायची. पायऱ्या गेल्या होत्या, माझं अर्धं काम कमी झालं होतं, तरी मला वाटलं, तीन पोती भात आणि म्हातारीचं घर, सगळं फुकट गेलं. चौथ्या दिवशी मी चिडून तिला विचारलं, आता काय राहिलं? ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "म्या माझी आपली जायला लागले, तर माझ्याकडं कोन यील गं?"

माझ्यात खोटं बोलायची ताकद नव्हती. मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि डोळा लागला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. उजाडून गेलं होतं. अंथरुणात अक्का नव्हती. मी धडपडत मागल्या दाराशी गेले. माझ्या पायाखाली फळी वाजली, तीच, म्हातारीनं मुद्दाम दिलेली, आणि कुडाआडून अक्का ओरडली, "आत यिऊ नगंस! म्या न्हातीया!" दोन वर्षांत इतका मोठा आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. आई चुलीपुढे बसली होती, तिनं कढत पाण्याचा हंडा कधीच आत सरकवून दिला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बस. भाकरी खा."

मी बसले. भाकरी खाल्ली, सगळी. कोणी हाक मारली नाही. मग काय करायचं ते मला समजेना. दोन वर्षं अंगात कुठंतरी कोंडून राहिलेला शीण त्या सकाळी बाहेर आला. दुपारपर्यंत मला ताप भरला आणि चार दिवस मी उठले नाही. त्या चार दिवसांत, मला ग्लानीत आठवतं, माजघरातून दारापर्यंत आणि दारातून माजघरापर्यंत काहीतरी सरकत होतं, थांबत होतं, धाप टाकत होतं, आणि माझ्या उशाशी पेज यायची.

ताप उतरला त्या दिवशी अक्कानं मला मागं बोलावलं. ऊन कुडावरून आत आलं होतं. तिनं शिकेकाई कढवून घेतली होती. "बस हितं," ती म्हणाली. मी म्हटलं, मी न्हाईन माझी. "बस म्हनतीया ना." मी तिच्या पुढ्यात, त्या काळ्या फळ्यांवर बसले. माझे केस तापानं आणि धुळीनं जटेसारखे झाले होते. तिनं ते एकेक बट करून सोडवले. तिच्या हातांत जोर आला होता, बोटं डोक्यात खोल रुतत होती. लहानपणी, ती सासरी जायच्या आधी, ती मला अशीच न्हाऊ घालायची, ते मी विसरूनच गेले होते.

"आता तुला बगाया येतील," ती म्हणाली. "असं डोकं घिऊन जानार व्हय तू लोकाघरी?"

म्हणजे ती राहणार आणि मी जाणार, हे तिनं असं, केस चोळता चोळता सांगून टाकलं होतं. माझे खांदे हलायला लागले तेव्हा तिनं विचारलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावर धरला आणि म्हणाली, "डोळं मीट. झोंबंल."